एआय लॅबच्या निविदेत न लिहिलेला आकडा

प्रति,
प्राचार्य, संगणक व इलेक्ट्रॉनिक्स विभागप्रमुख आणि खरेदी समितीचे सदस्य,
कोल्हापूर जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने

विषय: एआय प्रयोगशाळेची खरेदी आणि संगणक रचनेचे प्रयोग

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

एआय प्रयोगशाळेसाठी निघणाऱ्या निविदांचा साचा ठरलेला असतो. प्रोसेसर अमुक पिढीचा, रॅम १६ जीबी, ग्राफिक्स कार्ड ८ जीबी, एसएसडी ५१२ जीबी, नग ३०, आणि खाली ‘किंवा समकक्ष’. मेमरीतून दर सेकंदाला किती डेटा बाहेर काढता येतो, हा आकडा मात्र त्यात जवळपास कधीच नसतो. एआयच्या बऱ्याच कामांत यंत्राचा वेग नेमका त्याच आकड्यावर ठरतो. पुढची संगणक रचनाही त्याच्याभोवतीच आकार घेते आहे. म्हणून खरेदी, वीज आणि वर्गातले प्रयोग या तिन्हींबद्दल एकाच पत्रात लिहीत आहोत.

गुऱ्हाळावर घाणा कितीही दमदार बसवा, फडातून ऊस वेळेवर आला नाही तर घाणा मोकळाच फिरतो आणि गुळव्या हात बांधून बसतो. संगणकाचे दुखणे हेच आहे आणि ते जुने आहे. प्रोग्राम आणि डेटा एकाच मेमरीत ठेवायचा आणि तिथून एकेक उचलून प्रोसेसरकडे न्यायचा, ही रचना फॉन नॉयमनच्या १९४५ च्या टिपणातली. जॉन बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग व्याख्यानात या वाटेला ‘बाटलीचा गळा’ म्हटले. वुल्फ आणि मॅकी यांनी १९९५ मध्ये ‘मेमरीची भिंत’ हा शब्द रूढ केला. तरी पुढची दहा वर्षे कुणाला फारसे काही वाटले नाही, कारण ट्रान्झिस्टर लहान होत होते आणि लहान झाले की वीजही कमी खात होते. डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला तो नियम २००५ च्या आसपास थकला. तेव्हापासून प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग चार-पाच गिगाहर्ट्झच्या पुढे फारसा सरकलेला नाही.

ऊर्जेचा हिशेब तर आणखी बोलका आहे. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर तंत्रासाठी आकडे मांडले. ३२ बिटांच्या दोन फ्लोटिंग पॉइंट संख्यांचा गुणाकार ३.७ पिकोज्यूल. चिपवरच्या ८ केबी कॅशमधून, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या मेमरीतून, ३२ बिट वाचायला ५ पिकोज्यूल. तेच ३२ बिट बाहेरच्या डीरॅममधून, म्हणजे मुख्य मेमरीतून, आणायला ६४० पिकोज्यूल. म्हणजे ऊस गाळायला जेवढे इंधन लागते त्याच्या १७० पटींहून जास्त तो गाडीतून आणायला लागते. आकडे जुन्या तंत्राचे आहेत, पण ही दरी बुजावी असे काही त्यानंतर घडलेले नाही. उलट चिपवरची एसरॅम, म्हणजे कॅशची मेमरी, आता लहान व्हायची जवळपास थांबली आहे. चिप बनवणाऱ्या टीएसएमसी कंपनीच्या ५ नॅनोमीटर पिढीत आणि ३ नॅनोमीटरच्या ‘एन३ई’ पिढीत एसरॅमच्या एका पेशीचे क्षेत्रफळ सारखेच, ०.०२१ चौरस मायक्रोमीटर, आहे. लॉजिक आक्रसते, कॅश फारशी आक्रसत नाही.

गूगलची एआयसाठीची पहिली टीपीयू चिप याचे चांगले उदाहरण आहे. २०१५ पासून वापरात असलेल्या या चिपचे तपशील २०१७ च्या शोधनिबंधात आले. तिच्यात २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ गुणाकार-बेरीज एकके होती आणि तिचा कमाल वेग ९२ टॉप्स, म्हणजे सेकंदाला ९२ लाख कोटी क्रिया. बाहेरची मेमरी मात्र डीडीआर३, सेकंदाला ३४ जीबी देणारी. तपासलेल्या सहा प्रकारच्या कामांपैकी चार कामे मेमरीपाशी अडकली. गूगलसारख्यांच्या चिपची ही कथा, तर आपल्या निविदेत हा आकडा का नसावा?

दोन कामे, दोन घाणे

‘एआय मशीन’ असे एक काही नसते. कॅमेऱ्याच्या चित्रातले दोष ओळखणारे जाळे आणि मजकूर लिहिणारे भाषा मॉडेल यांची हार्डवेअरची भूक पूर्ण वेगळी आहे. हे एकदा लक्षात आले की निम्मी खरेदी सरळ होते.

चित्र ओळखणारे रेझनेट-५० घ्या. त्यात सुमारे २.५६ कोटी वजने, म्हणजे शिकून ठरलेले आकडे, असतात, आणि २२४ गुणिले २२४ पिक्सेलच्या एका चित्रासाठी सुमारे ४१० कोटी गुणाकार-बेरजा लागतात. म्हणजे मेमरीतून एकदा आणलेले प्रत्येक वजन सरासरी १६० वेळा कामाला येते. इथे घाणा दमदार हवा, गाड्या कमी चालतील.

भाषा मॉडेलचे उलटे. ८०० कोटी वजनांचे मॉडेल एका माणसाला उत्तर देत असेल, तर दर टोकनसाठी, म्हणजे शब्दाच्या दर तुकड्यासाठी, सगळी वजने एकदा मेमरीतून ओढावी लागतात आणि प्रत्येक वजन एकदाच वापरून सोडून द्यावे लागते. एन्व्हिडियाचे एच१०० कार्ड १६ बिटांच्या हिशेबात सेकंदाला ९८९ लाख कोटी क्रिया करू शकते, मेमरी सेकंदाला ३.३५ टीबी देते. घाणा पूर्ण चालायचा तर मेमरीतून आलेल्या प्रत्येक बाइटवर २९५ क्रिया व्हायला हव्यात. एकाच वापरकर्त्याच्या भाषा मॉडेलमध्ये होते एक. महागडे कार्ड अशा वेळी नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त रिकामे बसलेले असते.

आता हे आपल्या टेबलावर आणू. ८०० कोटी वजनांचे मॉडेल ४ बिटांत दाबले की फाइल सुमारे ५ जीबीची होते. मेमरीचा वेग भागिले ५ जीबी, एवढा साधा भागाकार करा. दर सेकंदाला मिळणाऱ्या टोकनांची कमाल मर्यादा हातात येते. डीडीआर४-३२०० रॅमच्या दोन पट्ट्या दोन चॅनेलवर असतील तर ५१.२ जीबी, म्हणजे १० टोकन. तीच १६ जीबी रॅम एका पट्टीत दिली असेल तर २५.६ जीबी, म्हणजे ५. आरटीएक्स ४०६० च्या ८ जीबी कार्डावर २७२ जीबी, म्हणजे ५४. सुमारे दोन वर्षे आधीच्या आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी कार्डावर ३६०, म्हणजे ७२. नवे कार्ड जुन्यापेक्षा या कामात हळू निघते, आणि निविदेत ‘नवीनतम पिढी’ लिहिणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

एका पट्टीचा प्रश्न सगळ्यात जास्त नडतो, कारण तो निविदेच्या शब्दांत बसतो. ‘१६ जीबी रॅम’ म्हटले की पुरवठादार एकच १६ जीबीची पट्टी घालतो, दुसरा स्लॉट ‘भविष्यातील वाढीसाठी’ मोकळा. त्याची चूक नाही, आपण तेच मागितले होते.

८ जीबीच्या कार्डात दुसरी एक खोच आहे. मॉडेलची वजने ५ जीबी, पण संभाषण लांबत जाते तशी की-व्हॅल्यू कॅश, म्हणजे आधीच्या टोकनांची साठवलेली माहिती, वाढते. ३२ थर, ८ की-व्हॅल्यू हेड, प्रत्येकी १२८ संख्या, अशा रचनेत दर टोकनला १२८ केबी. ८,१९२ टोकनला १ जीबी. देवनागरी मजकुराची टोकने इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, म्हणून मराठीवर काम करणाऱ्याची कॅश लवकर भरते. कार्डाची मेमरी भरली की विंडोजमधला ड्रायव्हर काही न सांगता उरलेला भाग साध्या रॅममध्ये टाकतो. प्रोग्राम बंद पडत नाही, पण वेग एकदम कोसळतो आणि विद्यार्थी कोडमध्ये चूक शोधत बसतो.

याच हिशेबातून एक सल्ला निघतो, तो खरेदी समितीने नीट वाचावा. भाषा मॉडेलसाठी ३० मशीनमध्ये ३० कार्डे घालू नका. २४ जीबीचे एक कार्ड सर्व्हरमध्ये घाला. सर्व्हर एकत्र आलेल्या प्रश्नांची बॅच करतो: ५ जीबी वजने एकदा ओढली की तीसही विद्यार्थ्यांचा पुढचा टोकन निघतो. प्रत्येकाला २,०४८ टोकनांची जागा दिली तर कॅश ३० गुणिले २५६ एमबी, म्हणजे साडेसात जीबी. वजने धरून साडेबारा. २४ जीबीत आरामात बसते. आरटीएक्स ३०९० ची मेमरी सेकंदाला ९३६ जीबी देते, म्हणजे कागदावर ७५ फेऱ्या, दर फेरीत प्रत्येकाला एक टोकन. प्रत्यक्षात निम्मे धरा. तरी ज्याच्या टेबलावर स्वतंत्र ८ जीबी कार्ड आहे त्याच्यापेक्षा हा विद्यार्थी फार मागे राहत नाही. व्हीएलएलएमसारखे मोफत सॉफ्टवेअर हे बॅचिंग आपोआप करते. उरलेल्या पैशांचे काय करायचे ते पुढे येईलच.

शिरोलीचा कॅमेरा

जिल्ह्यातल्या संस्थांकडे शिरोली औद्योगिक वसाहतीतले फाउंड्रीवाले येतात ते ब्लो होल, वाळू अडकणे, कोल्ड शट असे दोष कॅमेऱ्याने पकडून द्या म्हणून. बहुतेक प्रस्तावांत चार-पाच लाखांचे वर्कस्टेशन दाखवलेले असते. ते लागते का, याचा हिशेब पाच मिनिटांचा आहे.

समजा कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, २५० मिलिमीटर रुंद आहे आणि कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा, २,४४८ गुणिले २,०४८. एका पिक्सेलला ०.१ मिलिमीटर पडले. अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र पाच पिक्सेलचे दिसते. आता सगळ्यात नेहमीची चूक: विद्यार्थी ते चित्र आखडून २२४ गुणिले २२४ करतो, कारण तयार मॉडेलला तेवढेच चालते. एक पिक्सेल १.१ मिलिमीटरचा झाला, छिद्र अर्ध्या पिक्सेलपेक्षा लहान झाले, म्हणजे गेले. मग मॉडेल मोठे करा, कार्ड मोठे आणा, अशी धावपळ सुरू होते. कार्डाचा त्यात काही दोष नसतो.

चित्र आखडू नका, कापा. आडवे ११, उभे १०, असे ११० तुकडे. प्रत्येकाला ४१० कोटी गुणाकार-बेरजा. एका कास्टिंगची आठ चित्रे आणि दर सहा सेकंदांना एक कास्टिंग, असे धरले तर गरज निघते सेकंदाला सुमारे १.२ लाख कोटी क्रियांची, म्हणजे १.२ टॉप्स. रास्पबेरी पाय ५ ला जोडायची हेलो-८एल चिप १३ टॉप्सची असते. तिचा पाचवा हिस्सा जरी प्रत्यक्षात मिळाला तरी काम दुपटीने भागते. मात्र या जातीच्या चिपला स्वतःची बाहेरची मेमरी नसते. मॉडेल पोटात मावले नाही तर ते तुकड्यातुकड्याने पीसीआयच्या अरुंद वाटेने आत-बाहेर होते आणि वेग उतरतो. म्हणून आधी मॉडेल निवडा, ते ८ बिटांत आणा, निर्मात्याच्या कंपायलरमधून काढून किती भागांत पडते ते पाहा, आणि मगच नग ठरवा.

टॉप्सच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको. जेटसन ओरिन नॅनोच्या खोक्यावरचे ६७ टॉप्स निम्मी वजने शून्य धरून आणि ती गाळून मोजलेले आहेत. सरळ मोजले तर निम्मे. निविदेत ‘८ बिट, विरळपणा न धरता’ हे शब्द असायलाच हवेत.

शॉप फ्लोअरवर चिप मरते ती वेगाने नव्हे, धुळीने. लोखंडाची आणि ग्राफाइटची बारीक धूळ वीज वाहून नेते. पंखा ती आत ओढतो, पावसाळ्यातली ओल तिला बोर्डावर बसवते, आणि चिपच्या दोन पायांमध्ये वाट तयार होते. पंखा नसलेले, बाहेरून पंख असलेले ॲल्युमिनियमचे बंद खोके वापरा. इंडक्शन भट्टी त्याच फीडरवर असेल तर व्होल्टेज क्षणभर खाली बसते, रास्पबेरी पाय अर्ध्या लिखाणात बंद पडतो आणि मेमरी कार्डावरची फाइल सिस्टिम बिघडते. ऑनलाइन यूपीएस द्या आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग फक्त-वाचन ठेवा. प्रकाशयोजनेचा खर्च वाचवू नका. न घासलेल्या पृष्ठभागावर खालच्या कोनातून तिरपा प्रकाश टाकला तर खड्ड्याची सावली उठून दिसते. वरून ट्यूबलाइट लावून कितीही टॉप्स ओतले तरी ती दिसणार नाही.

निविदेत घालायच्या ओळी

पुढचा मजकूर जसाच्या तसा उचलला तरी आमची हरकत नाही.

‘रॅम दोन सारख्या पट्ट्यांमध्ये, दोन स्वतंत्र चॅनेलवर बसवलेली असावी. स्ट्रीम चाचणीत, कॅशच्या किमान चौपट आकाराचे ॲरे घेऊन, मेमरीचा वेग सैद्धांतिक वेगाच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी येऊ नये.’ डीडीआर५-५६०० च्या दोन चॅनेलला सैद्धांतिक ८९.६ जीबी, म्हणजे ६३ च्या आत आले तर मशीन परत.

‘ग्राफिक्स कार्डाची मेमरी किमान इतकी जीबी, मेमरीचा वेग सेकंदाला किमान इतके जीबी, आणि वीजमर्यादा इतके वॅट.’ लॅपटॉपमध्ये तिसरा आकडा फार महत्त्वाचा. लॅपटॉपातले आरटीएक्स ४०६० ३५ वॅटचेही असते आणि ११५ वॅटचेही. बिलावर नाव एकच.

‘पूर्ण भारावर दोन तास चालवून पहिल्या पाच मिनिटांतला आणि शेवटच्या पाच मिनिटांतला वेग नोंदवावा, घट १० टक्क्यांहून जास्त नसावी.’ ही चाचणी मे महिन्यात, दुपारी, ज्या खोलीत मशीन बसणार त्याच खोलीत घ्या. पुरवठादाराच्या गार शोरूममध्ये सगळीच मशीनं पळतात.

किंमतीच्या मुदतीकडेही लक्ष असू द्या. एआयसाठीच्या थरावर थर रचलेल्या मेमरीकडे कारखान्यांची क्षमता वळली आणि २०२५ च्या अखेरीस साध्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. सहा महिने फाइल फिरली तर पुरवठादार नेमका रॅममध्येच हात आखडता घेईल.

विजेचे थोडक्यात. ४५० वॅटचे कार्ड आणि बाकी मशीन दीडशे, म्हणजे एका टेबलावर ६०० वॅट. अशी दहा मशीनं ६ किलोवॅट, २३० व्होल्टला २६ अँपिअर. दोन फेजवर वाटून घ्या. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट देतो, तो इथे वीज जाताच आडवा होतो. कार्डे काही मायक्रोसेकंदांसाठी दुपटीपर्यंत ओढ घेतात. तेवढी ओढ सोसण्याची अट एटीएक्स ३.० मानकात आहे, म्हणून पॉवर सप्लाय त्याच्या खालचा नको. बारीक पिनांच्या नव्या वीजजोडणीतून ६०० वॅट जाताना सहा पिनांत ५० अँपिअर विभागले जातात. कनेक्टर एक मिलिमीटर बाहेर राहिला तरी उरलेल्या पिनांवर भार पडून प्लास्टिक वितळते. ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा आणि वायर कनेक्टरपाशीच वाकवू नका. उष्णतेचे म्हणाल तर ६ किलोवॅट मशीनचे आणि तीस विद्यार्थ्यांचे अंदाजे तीन, मिळून नऊ. एक टन एसी साडेतीन किलोवॅट उचलतो. वरच्या मजल्यावर स्लॅब तापत असेल तर चार टनांच्या खाली जाऊ नये.

आता वर्गाबद्दल

८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरची ट्रेनर किट्स भंगारात काढा असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्ही म्हणतो, ठेवा. १९७६ च्या त्या चिपवर ‘ॲड बी’ला ४ टी-स्टेट, म्हणजे घड्याळाची चक्रे, लागतात आणि ‘ॲड एम’ला ७. बेरीज तीच, फक्त एक संख्या मेमरीतून आणली म्हणून तीन जास्त. आजच्या प्रोसेसरमध्ये डीरॅमपर्यंतची तीच फेरी तीनशेच्या आसपास चक्रे खाते. मेमरीची भिंत पहिल्याच तासिकेला, या जुन्या चिपवर मोजून दाखवता येते. अडचण अशी की बहुतेक वर्गांत टी-स्टेट पाठ करून घेतात, का ते विचारत नाहीत.

दुसरा प्रयोग साध्या पीसीवर. सी भाषेत ४ बाइटच्या संख्यांचे, २,०४८ गुणिले २,०४८ चे दोन मॅट्रिक्स गुणा, लूपचा क्रम आधी आय-जे-के, मग आय-के-जे. गणित तेच, पण दुसरा क्रम कित्येक पटींनी वेगाने चालतो. कारण पहिल्या क्रमात दुसऱ्या मॅट्रिक्सचा स्तंभ वाचताना दर उडी ८,१९२ बाइटची पडते: ६४ बाइटची ओळ ओढून आणायची आणि त्यातले ४ वापरायचे. वर ८,१९२ ही दोनची घात असल्याने सगळ्या ओळी पहिल्या कॅशच्या एकाच सेटवर आदळतात. मग आकार २,०६४ करून पाहा, काम वाढूनही वेळ कमी होऊ शकतो. हे पाहिलेला विद्यार्थी कॅशचा धडा विसरत नाही. कंपायलरची ऑप्टिमायझेशन पातळी दुसरीच ठेवा. तिसऱ्या पातळीवर जीसीसी स्वतःच लूपची अदलाबदल करू शकतो आणि प्रयोगच उरत नाही.

तिसरा प्रयोग एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर, आणि तोच आमच्या मते सगळ्यात मोलाचा. बेसिस ३ बोर्डावर ९० डीएसपी, म्हणजे गुणाकार-बेरजेची, एकके असतात. त्यात ८ गुणिले ८ चा सिस्टॉलिक ॲरे बसतो: कुंग आणि लायझरसन यांची सत्तरच्या दशकाअखेरची कल्पना, टीपीयूच्या पोटात आहे तीच, फक्त छोटी. डावीकडून एक मॅट्रिक्स शिरतो, वरून दुसरा, प्रत्येक एकक गुणून स्वतःजवळ साठवते आणि संख्या शेजाऱ्याला देते. मेमरीतून संख्या एकदाच येते, हातोहात आठ जणांकडून फिरते.

कुठे चुकते तेही सांगतो. ओळ किंवा स्तंभ क्रमांक जितका, तितकी चक्रे त्याचा डेटा उशिरा सोडावा लागतो. ती तिरकस मांडणी विसरली की भलत्याच जोड्यांचा गुणाकार होतो आणि उत्तरे बिघडतात. व्हेरिलॉग या हार्डवेअर लिहायच्या भाषेत एक जरी संख्या चिन्हरहित राहिली तर सबंध पदावली चिन्हरहित धरली जाते, आणि ऋण आकडे आले की उत्तर भलतेच. साठवणीची रुंदी हा तर हमखास सापळा. ८ बिटांचा गुणाकार १६ बिटांत मावतो म्हणून साठवणही १६ बिटांची ठेवतात. −१२८ गुणिले −१२८ म्हणजे १६,३८४. असे दोन मिळवले की ३२,७६८, आणि १६ बिटांची कमाल ३२,७६७. आठ मिळवले तर १,३१,०७२, आणि १८ बिटांची कमाल १,३१,०७१. एकाने हुकते, म्हणून १९ बिट. छोट्या आकड्यांच्या टेस्टबेंचमध्ये यातले काहीच पकडले जात नाही. टोकाचे आकडे घालूनच तपासणी घ्या.

आणि मग खरा धडा. ॲरेला ८ गुणिले ८ चा गुणाकार पुरा करायला २२ चक्रे लागतात, १०० मेगाहर्ट्झवर ०.२२ मायक्रोसेकंद. तेच दोन मॅट्रिक्स, १२८ बाइट, पीसीवरून १,१५,२०० बॉडच्या सिरियल वायरने पाठवायला ११ मिलिसेकंद. पन्नास हजार पट. घाणा मोकळा फिरतोय हे विद्यार्थ्याला स्वतःच्या लॉजिक ॲनालायझरवर दिसते. यानंतर एच१०० ला एवढी महाग मेमरी का लावली, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

यापुढची रचना कुठे चालली आहे ते शेवटच्या वर्षाला शिकवावेच. एचबीएम मेमरीत डीरॅमचे थर एकावर एक रचून उभ्या तारांनी जोडतात. पीसीच्या रॅमच्या पट्टीला डेटाच्या तारा ६४. एप्रिल २०२५ मध्ये मानक ठरलेल्या एचबीएम४ च्या एका चवडीला २,०४८, आणि वेग सेकंदाला २ टीबीपर्यंत. चिपलेटचे, म्हणजे एका मोठ्या चिपऐवजी छोट्या चिप जोडण्याचे, कारण तर कोल्हापूरच्या पोराला लगेच कळेल: मोठ्या कास्टिंगमध्ये एक ब्लो होल निघाला की सगळा नग भंगारात, म्हणून छोटे नग ओता आणि जोडा. चिप छापणाऱ्या यंत्राची मर्यादाही आहेच, एका वेळी फार तर ८५८ चौरस मिलिमीटर. सेरेब्रास कंपनीने उलटी वाट धरली: सबंध वेफर, म्हणजे सिलिकॉनची अख्खी चकती, ४६,२२५ चौरस मिलिमीटरची एकच चिप, ४४ जीबी एसरॅम पोटात, आणि बिघडलेले गाळे वळसा घालून टाळायचे. ग्रॉक (Groq) कंपनीच्या चिपमध्ये एसरॅम २३० एमबी. वेग अफाट, पण ८ जीबीचे मॉडेल ठेवायला पस्तीस चिप लागतात. मेमरीतच गणित करण्याचे प्रयोग, सॅमसंगची २०२१ ची एचबीएम-पिम वगैरे, आम्हांला पटतात, पण त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहिणे अजून जिकिरीचे आहे. ॲनालॉग गणिताबद्दल उत्साह जपून ठेवा. गुणाकारात वाचवलेली वीज बरीचशी परत अंकांत रूपांतर करण्यात जाते. सगळ्यात स्वस्त सुधारणा संख्येची रुंदी कमी करण्यात आहे. ३२ बिटांवरून १६, ८, आता ४. मेमरीची वाट तेवढीच राहते, गाडीत माल आठपट बसतो.

रिस्क-५ या खुल्या प्रोसेसर-रचनेसाठी बाहेर पाहायची गरज नाही. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर देशातलेच आहेत. व्हेरिलेटर, योसिस, ओपनरोड ही चिप रचनेची साधने मोफत आहेत, चिप बनवणाऱ्या स्कायवॉटरचा १३० नॅनोमीटरचा खुला डिझाइन संच २०२० पासून उपलब्ध आहे. स्वायत्त महाविद्यालयांनी एक ऐच्छिक विषय बदलला तर हे सारे दोन सत्रांत बसते.

साठ विद्यार्थ्यांच्या, तीसच्या दोन बॅचमध्ये चालणाऱ्या लॅबसाठी आमची मांडणी अशी: कार्ड नसलेले, दोन पट्ट्यांचे साधे पीसी ३०, २४ जीबीचे कार्ड असलेले सर्व्हर २, म्हणजे एक बिघडला तर दुसरा, एफपीजीए बोर्ड १५, दोघांत एक, कॅमेरा, प्रकाश आणि एज चिप, म्हणजे कॅमेऱ्यापाशीच बसणारी छोटी एआय चिप, असलेले संच ४. मॉडेलचे मोठे प्रशिक्षण केंद्र सरकारच्या इंडियाएआय मिशनच्या भाड्याच्या जीपीयूवर. पहिल्याच वर्षी सगळा निधी संपवू नका. तिसरा हिस्सा दोन वर्षांनी खर्चायला ठेवा, तोवर मेमरी कुठे पोचली ते दिसेल.

निविदेचा मसुदा तपासायचा असेल, स्वीकृती चाचणी लावायची असेल, तर आम्ही विनामूल्य यायला तयार आहोत.

आपले,
संगणक रचना व एम्बेडेड प्रणालींत काम करणारे काही कोल्हापूरकर

ता. क. सर्व्हरची खोली तळमजल्यावर ठरली असेल तर कृपया बदला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या बरेच वर गेले होते. यूपीएसच्या बॅटऱ्या जड म्हणून त्या तेवढ्या खाली ठेवायच्या आणि सर्व्हर वर, असेही करू नका. पाणी आधी बॅटऱ्यांपर्यंत येते.